दीड टन पासिंग

पिकअप म्हणजे पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले चारचाकी मालवाहू वाहन. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हा शब्द स्त्रीलिंगी आहे. टेम्पो येतो, ट्रक येतो, ट्रॅक्टरही येतो. पिकअप मात्र येते. आल्या दिवशी तिला नारळ, हळदकुंकू, झेंडूची माळ आणि बॉनेटवर स्वस्तिक मिळते. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या गोण्या मिळतात. पुढची दहा-बारा वर्षे गोण्याच मिळत राहतात.

तिचा आकार कसा निवडावा, हा प्रश्न वरवर पाहता तिसरीच्या अंकगणिताचा आहे. भरलेल्या गाडीचे एकूण वजन जास्तीत जास्त किती असावे, हे आरटीओच्या कागदावर लिहिलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की मालाचे वजन उरते. याला दोन्ही तालुक्यांत ‘पासिंग’ म्हणतात. ‘गाडी दीड टन पासिंग आहे’ असे सांगितले जाते, त्याचा अर्थ कागद दीड टनाचा आहे, एवढाच घ्यायचा असतो.

आकारांची उतरंड अशी. सर्वांत धाकटा टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती. २००५ साली आला. पहिली पैदास पिंपरीच्या कारखान्यातली. दोन सिलिंडर, लांबी ३.८ मीटर, पासिंग पाऊण टनाचे. त्याच्यावर अशोक लेलँडचा दोस्त, २०११ सालचा, सव्वा टनाचा. मग महिंद्राच्या बोलेरो पिकअपच्या तिघी बहिणी, १.३, १.५ आणि १.७ टनांच्या. त्यांच्या बरोबरीने टाटांचा योद्धा. या सगळ्यांच्या वर १९८६ पासून रस्त्यावर असलेला टाटा ४०७, ज्याला कुणी पिकअप म्हटले तर मालक रागावतो. हत्ती, दोस्त, योद्धा ही नावे पाहता हे वाहन मालाच्या मापाने नव्हे, तर घेणाऱ्याच्या स्वभावाच्या मापाने घेतले जाते, याची कंपन्यांना आधीपासून कल्पना असावी.

आता माल. नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटो क्रेटच्या हिशेबाने विकला जातो. शेतकरी त्याला ‘कॅरेट’ म्हणतात, त्यामुळे परगावच्या माणसाला आपण सराफ बाजारात आलो की काय असे वाटते. २०२३ च्या जुलैत ते वाटणे खोटेही नव्हते. एका क्रेटमध्ये २० किलो टोमॅटो आणि क्रेटचे स्वतःचे वजन दीड-दोन किलो. ढोबळ २२ किलो धरले, तर छोट्या हत्तीत ३४ क्रेट बसतात, १.३ टनवालीत ५९, दीड टनवालीत ६८ आणि १.७ टनवालीत ७७. हे आकडे बरोबर आहेत. त्यांचा उपयोग केल्याचे उदाहरण मात्र आढळत नाही. शेताच्या बांधावर गाडी भरताना होणारा संवाद साधारण असा असतो:

“किती झालं?”

“सत्त्याहत्तर.”

“सत्त्याहत्तर हा काय आकडा हाय का? शंभर कर.”

आकडा गोल असावा, ही शेतकऱ्याची सौंदर्यदृष्टी आहे. शंभर क्रेट म्हणजे बावीसशे किलो. गाडीचे मागचे टायर बसतात, पुढचे दिवे आभाळाकडे पाहू लागतात आणि समोरून येणाऱ्याला वाटते की ही गाडी आपल्याला नव्हे, शिवनेरीला उजेड दाखवते आहे. आंबेगावात सातगाव पठारावर बटाट्याची तऱ्हा हीच. गोणी पन्नास किलोची धरली तर दीड टनाला तीस गोण्या. पण तिसावी गोणी चढवल्यावर शेतात दोन उरलेल्या दिसतात, आणि दोन गोण्यांसाठी मंचरला दुसरी खेप कोण करणार? हौदा कितीही लांब घेतला तरी शेतात दोन गोण्या उरतातच. याचे शास्त्रीय कारण सापडलेले नाही.

आकारावर मालापेक्षा भावाचा परिणाम अधिक होतो, हेही नोंदवले पाहिजे. टोमॅटोचा क्रेट २०२३ च्या जुलैत दोन हजार रुपयांच्या वर गेला, तेव्हा ज्यांच्या घरी दुचाकी होती त्यांना पिकअप दिसू लागली, पिकअपवाल्यांना १.७ टनवाली आणि १.७ टनवाल्यांना थेट जेसीबी. भाव पडतो तेव्हा तोच टोमॅटो रस्त्याकडेला ओतलेला दिसतो. हप्ता मात्र टोमॅटोसारखा नाशवंत नाही. तो साठ महिने ताजा राहतो. म्हणून गाडी भाव पडलेला असताना पसंत करावी, असे जाणकार सांगतात. पण भाव पडलेला असताना शोरूमच्या दिशेला जाणारा रस्ता कुणाला सापडलेला नाही.

कागदावरचा हिशेब झाला की घरात बैठक बसते. नमुन्यादाखल एक घर घ्यावे. नारायणगावाजवळ मीना नदीच्या अंगाला चार एकर बागायत, त्यात दोन एकर टोमॅटो, बाकी कांदा. गोठ्यात दोन दुभत्या गाई आणि एक खिल्लार बैल, ज्याचा शेतीशी काडीचाही संबंध नाही. घरात ऐंशी ओलांडलेले आजोबा, कर्ते अप्पा, काकू आणि हिंजवडीला नोकरी करणारा मुलगा. मेव्हणा घरात राहत नाही, पण गाडीचा विषय निघाला की असतो. शेजारी एक लेखक राहतो. त्याच्याकडे वाहन नाही. या विषयातला त्याचा सगळा अनुभव हौद्यातला आहे, केबिनमधला नाही.

गाडी टोमॅटोसाठी घ्यायची आहे, असे अप्पा सुरुवातीलाच जाहीर करतात. बैलाचा विषय कुणीही काढत नाही. बैठकीत चालते मात्र त्याचेच.

“लांब हौद्याची घेऊ. १.७ वाली.”

“दोन एकर टोमॅटोला दीडवाली पुरे की, अप्पा,” मुलगा म्हणतो.

“टोमॅटोला पुरंल,” आजोबा म्हणतात, “पर त्यो आडवा उभा ऱ्हाईल का?”

“कोण आडवा उभा राहील?” काकू विचारतात.

थोडा वेळ कुणी बोलत नाही.

“क्रेट,” अप्पा म्हणतात.

मुलाचे म्हणणे वेगळे असते. त्याला दोन रांगांची केबिन आणि मागे छोटा हौदा असलेली गाडी हवी, म्हणजे घरचे सगळे बसतील आणि सोमवार ते शुक्रवार तीच कामाला नेता येईल. असे वाहन आहे. बोलेरो कँपर याच जातीची. तिच्याहून दिमाखदार इसुझूची व्ही-क्रॉस, जी २०१६ पासून मिळते आणि लांबीला सव्वापाच मीटरच्याही वर भरते. दोन रांगांच्या केबिनचा तोटा असा की पाच माणसे एसीत बसतात आणि माल मागे बसायला जागा मागतो. आजोबांनी तिचे चित्र पाहून एकच प्रश्न विचारला: “ही मान्सं न्यायची गाडी हाय, मग मागं फाळका कशाला लावलाय?” याचे उत्तर हिंजवडीतही कुणाला देता आलेले नाही.

काकूंचा प्रश्न सर्वांत व्यवहारी आणि म्हणूनच दुर्लक्षित: “गेटातून आत येईल का?” घराचे गेट साडेसहा फुटी. आजोबांनी ते बैलगाडीच्या मापाने बांधलेले. बोलेरो पिकअपची रुंदी साडेपाच फुटांच्या थोडी वर, आरसे वेगळे. टेप लावून मोजले गेले. “सरळ आली तर येती,” असा निर्णय झाला. गेटासमोरची बोळ सरळ नाही, हे काकूंनी सांगितले, पण तोवर बैठक उठली होती.

शोरूममध्ये विक्रेता शर्टाला टाय लावून उभा असतो आणि इंजिन २५२३ सीसीचे असल्याचे सांगतो. त्याने पाठ केलेल्या प्रश्नांत मायलेज, सर्व्हिस आणि डाउन पेमेंट असते. मेव्हण्याचा प्रश्न त्यात नसतो.

“ओढती का?”

“सर, दीड टनाचं पासिंग आहे.”

“न्हेण्याचं नाय इचारलं. ओढण्याचं.”

इथे विषयाचा दुसरा भाग सुरू होतो. नेणे वेगळे आणि ओढणे वेगळे. अमेरिकेत पिकअप प्रामुख्याने ओढण्यासाठी घेतली जाते, किंवा ओढण्यासाठी घेतली असे सांगून घेतली जाते. तिथे फोर्डच्या एफ-१५० सारख्या गाडीमागे होडी, घोड्यांची गाडी, चाकांवरचे अख्खे घर जोडतात. ओढण्याची कमाल क्षमता पाच टनांहून जास्त असते आणि ती जाहिरातीत ठळक छापतात. वर्षातून दोनदा होडी ओढायची आणि उरलेले दिवस एकट्याने दूध आणायला जायचे, असा तिथला प्रघात. गंमत म्हणजे तिथेही गाडीला ‘अर्ध्या टनाची’ म्हणतात आणि ती अर्ध्या टनाहून पुष्कळ अधिक माल नेते. कागदावरचा टन आणि हौद्यातला टन यांचे भांडण सातासमुद्रापलीकडचे आहे, हे वाचून जुन्नरकरांना बरे वाटेल.

आपल्याकडे ओढायला ट्रॅक्टर आहे. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांकडे तोच ओढतो, पाण्याचा टँकर तोच ओढतो, आणि हंगामात त्याच्यामागे अडकलेली पंचवीस वाहनेही एका अर्थी तोच ओढत असतो. त्यामुळे पिकअपच्या माहितीपत्रकात ओढण्याचा रकाना नसतो. तरीही पिकअप ओढते. त्या क्रियेला टोचन म्हणतात.

टोचन म्हणजे बंद पडलेले वाहन दोराने, साखळीने किंवा लोखंडी दांड्याने दुसऱ्या वाहनामागे बांधून नेणे. पुढच्या गाडीत ओढणारा, मागच्या गाडीत ओढवून घेणारा, आणि दोघांच्या मध्ये विहिरीवरून सोडून आणलेला नायलॉनचा दोर. यात एक तांत्रिक मुद्दा आहे. मागच्या गाडीचे इंजिन बंद असल्याने तिच्या ब्रेकला इंजिनाची मदत मिळत नाही. एरवी हलक्या पावलाने लागणारा ब्रेक दोन्ही पायांनी उभे राहून दाबावा लागतो. म्हणजे पुढे न्यायची जबाबदारी एकाची आणि थांबवायची दुसऱ्याची. संयुक्त कुटुंबात वाढलेल्या माणसाला ही रचना नवी नाही. दोघांत संपर्कासाठी मोबाइल असतो, पण दोर ताणला गेल्यावर बोलणे साधारणपणे मोबाइलशिवायच ऐकू येते.

टोचनाची मर्यादा चिखलात कळते. ओढण्यासाठी नुसती इंजिनाची ताकद पुरत नाही. मागची चाके जमिनीला धरून राहायला हवीत, आणि त्यासाठी त्यांच्यावर वजन हवे. रिकामी पिकअप मागून हलकी. ताकद पुष्कळ, पकड नाही. आषाढात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर एक टेम्पो रुतला असता त्याला टोचन करायला अप्पांनी अखेर घेतलेली दीड टनवाली पिकअप निघाली. हौदा रिकामा होता. वजन हवे म्हणून लेखकाला मागे बसवण्यात आले. लेखकाचे वजन या कामी अपुरे ठरले, हे त्याच्या एकूण वाङ्मयाविषयीही म्हटले जाते. चाके जागच्या जागी फिरली, लेखक ओळखू येईनासा झाला आणि दहा मिनिटांत टेम्पोच्या पुढे पिकअपही रुतली.

मग मेव्हण्याने फोन लावले. ट्रॅक्टर लावणीच्या कामात अडकलेला. त्याच वेळी वाटेने दुसरी एक पिकअप आली. तिच्या हौद्यात खिल्लारांची देखणी जोडी, अंगावर झूल, मानेखाली गादी. सगळ्यांचे चेहरे उजळले. इंजिन थकले तिथे पूर्वीपासून बैलच कामाला येतात.

“दादा, तेवढी जोडी जरा लावता का दोराला?”

जोडीचा मालक खाली उतरलासुद्धा नाही. “खुळं झालाय काय? रविवारी शर्यतीची बारी हाय. चिखलात पाय मुरगाळला म्हंजी?”

ओढण्यासाठी जन्माला आलेले बैल पिकअपच्या हौद्यात उभे राहून, ओढता न येणाऱ्या पिकअपकडे शांतपणे पाहत निघून गेले. शेवटी दोन्ही वाहने खाचरात लावणी करणाऱ्या माणसांनी ढकलून काढली. माणसांचे पासिंग अजून कुणी केलेले नाही.

या प्रसंगातून बैलाच्या प्रकरणाकडे वळावे लागते, कारण दोन्ही तालुक्यांत हौद्याची लांबी अखेर तोच ठरवतो. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंदी आणली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या परवानगीवर शिक्कामोर्तब केले. बंदीच्या काळात बैल गोठ्यात उभा होता, खुराक खात होता आणि घरातला सर्वांत बेकार आणि सर्वांत लाडका सदस्य होता. घाट, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्या, पुन्हा सुरू झाल्यावर त्याला गावोगावच्या यात्रांना नेण्याची सोय लागली. चालवत नेणे शक्य नाही; चालून तो दमेल आणि पळणार नाही.

हिशेब पाहावा. खिल्लार बैल चार-पाचशे किलोंचा. जोडी साधारण नऊशे. म्हणजे सव्वा टनाची गाडी पुरेशी. पण जोडीबरोबर मालक, मालकाचे बंधू, बैलाला पाणी पाजणारा, पाणी पाजू नको म्हणणारा, गुलालाची पिशवी सांभाळणारा, शिट्टी वाजवणारा आणि ‘मी नुसता बघायला येतो’ म्हणणारे पाच. कायद्याने मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे बसवता येत नाहीत. बैल चालतो. त्यामुळे बाकीचे बैलाची माणसे म्हणून उभे राहतात.

बैल चढवणे हे वेगळे शास्त्र आहे. हौदा जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच. त्यासाठी गाडी मागे घेत घेत बांधाला, उकिरड्याला किंवा शाळेच्या ओट्याला भिडवतात, फाळका सोडतात आणि फळी टाकतात. मग सहा जण सहा सूचना देतात. “घे, घे, घे, अजून घे, घे... बास! आरं बास म्हणलं ना!” गाडी आणि बांध यांच्यात एक फुटाची फट राहते किंवा फाळका वाकतो, तिसरी शक्यता अनुभवास येत नाही. बैल पुढचे दोन पाय फळीवर ठेवतो आणि विचारात पडतो. या विचाराला वीस मिनिटे ते दीड तास लागतो. नंतर चाळीस किलोमीटरचा प्रवास, घाटात नंबर लागेपर्यंत दुपार, आणि मग ज्यासाठी हा खटाटोप ती बारी: अकरा-बारा सेकंद. घोडी पुढे सुटते, धुरळा उडतो, ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठते, निवेदकाचा आवाज फाटतो आणि सगळे संपलेले असते. दिवसभरात बैल बारा सेकंद पळाला आणि सात तास पिकअपमध्ये उभा राहिला. डिझेलचा हिशेब सेकंदाला किती रुपये पडला, हे मुलाने एकदा मोबाइलवर काढले होते. आजोबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

मोठ्या घाटांत बक्षिसाला दुचाकी, ट्रॅक्टर, कधी चारचाकीही असते. म्हणजे बैल जिंकला तर गाडी मिळते, जी त्याला पुढच्या घाटाला नेण्यासाठी वापरता येते. बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात उभे राहून ऐकले तर लोक आजही बैलाचे दात पाहतात आणि पिकअपचे टायर. दोन्हींविषयी ‘अजून दोन वरीस काय नाय बघायला लागत’ असेच सांगितले जाते.

आता रोजचा वापर. पिकअप भरलेली असताना गुणी असते. रिकामी असताना तिचा स्वभाव कळतो. मागचे स्प्रिंगचे पाटे दीड-पावणेदोन टनांच्या बेताने बसवलेले असतात. माल नसला की त्यांना काम नसते, आणि बिनकामाचा माणूस जसा उगाच उसळतो तसे तेही उसळतात. बोलेरो हे एका स्पॅनिश नृत्याचे नाव आहे. घोडेगावहून भीमाशंकरच्या रस्त्याला पावसाळा संपताना रिकाम्या हौद्याने गेले म्हणजे नामकरण करणाऱ्याच्या दूरदृष्टीचे कौतुक वाटते. त्यातून अप्पांनी शंभर क्रेट पेलावेत म्हणून दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकून घेतलेला. त्यानंतर काकू तिच्यात बसून एकदाच ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला गेल्या. परतताना त्यांनी एसटी धरली.

यावरचा उपाय म्हणजे हौद्यात कायम थोडे वजन ठेवणे. काही घरांत त्यासाठी वाळूची पोती असतात. अप्पांच्या गाडीत जुन्या जात्याची तळी, तुटलेला पंप आणि शेजारचा लेखक यांपैकी जे सापडेल ते टाकतात. लेखकाला नारायणगावपर्यंत फुकट जाता येते आणि गाडी कमी उडते. उभयपक्षी सोयीचा हा एकच करार त्याने आयुष्यात केला आहे.

रोजच्या वापराचे अंतर मात्र फार नसते. घरापासून विहिरीची मोटर तीनशे मीटर. पूर्वी अप्पा बॅटरी घेऊन चालत जात. शेतीची लाइट रात्रीची येते आणि उसात बिबट्या असतो. जुन्नरला माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आहे, पण सगळ्या बिबट्यांनी तिथे नाव नोंदवलेले नाही. त्यामुळे रात्री दोनला अडीच हजार सीसीचे इंजिन सुरू होते, काचा वर होतात आणि दीड टन पासिंगची गाडी एका माणसाला बटण दाबायला तीनशे मीटर नेते. अमेरिकेतल्या दूध आणणाऱ्याला हसण्याचा अधिकार इथे संपतो.

मागणाऱ्यांचे प्रकरण स्वतंत्र पुस्तकाचे आहे, इथे थोडक्यात. गाडी ज्या आकाराची असेल त्या आकाराचे मागणारे मिळतात. छोट्या हत्तीला कपाट, फ्रिज आणि गणपती. दीड टनवालीला वऱ्हाडाचे सामान, मांडवाचे बांबू, हॉस्टेलवर जाणाऱ्या मुलीची गादी. १.७ टनवालीला डीजे. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीआधी शिवनेरीहून ज्योत नेणाऱ्या पोरांना पिकअप लागतेच. पळणारा एक असतो आणि दम लागलेले अकरा जण मागे हौद्यात. नाही म्हणायची सोय नाही. ते महाराजांना नाही म्हटल्यासारखे होते.

पूर्वी एक सबब होती. मेव्हणा गाडी मागायला आला की अप्पा म्हणत, “तुझ्याकडं कारचं लायसन हाय. ही मालाची गाडी, पिवळ्या पाटीची. पोलिसानं धरलं म्हंजी?” नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात टनांपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. देशभरातल्या चालकांना दिलासा मिळाला. मेव्हण्याने बातमीचे कात्रण लॅमिनेट करून घेतले.

मागून नेलेल्या गाडीचे डिझेल हा नीतिशास्त्राचा भाग आहे. काटा ज्या रेघेवर असेल त्या रेघेवर गाडी परत करावी, असा संकेत आहे. नेणारा इंजिन बंद करून, उताराला गाडी लावून काटा दाखवतो. घेणारा सपाटीवर आणून पाहतो. लेखकाने एकदा पुस्तकांचे चार खोके मंचरला पोचवण्यासाठी गाडी मागितली, तेव्हा अप्पांनी विचारले, “वजन किती?” “साठ किलो असेल.” “मग मोटरसायकलवर दोन खेपा मार की.” साहित्याला दीड टनवाली मिळत नाही, एवढा बोध घेऊन तो परतला.

असा सगळा भार सोसून तिसऱ्या वर्षी गाडीचा डावा पाटा तुटतो, फाळक्याची कडी तारेने बांधली जाते आणि मागच्या रेडियममधल्या ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ या ओळीतले ‘आई’ गळून ‘वडिलांचा आशीर्वाद’ तेवढा उरतो. काकूंनी ते पहिल्याच दिवशी पाहिले होते. दर दोन वर्षांनी फिटनेसला जायच्या आधी गाडीला रंग, टायरला काळे पॉलिश आणि ‘आई’ परत मिळते.

शेवटी गेट. बोळ सरळ नव्हती, हे खरे ठरायला चार महिने लागले. टोमॅटोचा तोडा होता, रात्रीचे नऊ वाजले होते, हौद्यात शंभर क्रेट होते आणि मेव्हणा मागे उभा राहून “घे, घे, येती” म्हणत होता. डावा खांब आजोबांनी स्वतः रचलेला. तो आधी कलला आणि मग सावकाश, कुणालाही इजा न करता, बोळीत आडवा झाला. आजोबा ओट्यावरून उठून आले. त्यांनी खांबाकडे पाहिले, गाडीकडे पाहिले, मग हौद्यात डोकावून विचारले, “शंभर हायेत?”

“शंभर.”

“मग ठीक.”

पुढच्या आठवड्यात गवंडी आला. काकूंनी टेप स्वतःच्या हातात घेतला आणि या वेळी गेट दहा फुटी बांधून घेतले, म्हणजे पुन्हा कटकट नको. खांब वाळला त्या संध्याकाळी अप्पा, मेव्हणा आणि आजोबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते.

“ह्यातून ४०७ येती,” मेव्हणा म्हणाला.

“टोमॅटोसाठी,” अप्पा म्हणाले.

गोठ्यात बैलाने मान वर केली.